देशावर राहून गोदीचा इतिहास कसा लिहावा : सातारा-सांगलीच्या अभ्यासकांसाठी

साताऱ्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे, पण मध्ये सह्याद्री उभा असल्यामुळे जहाजबांधणी हा आपला विषयच नव्हे, तो कोकणातल्या आणि मुंबईतल्या अभ्यासकांनी हाताळावा, असा समज आपल्याकडे पक्का बसलेला आहे. हा समज मला मान्य नाही. गोदी किनाऱ्यावर असते हे खरे. परंतु तिला लागणारे लाकूड, तिथे राबणारे हात, तिच्यावर खर्च होणारा पैसा आणि तिला मिळणारे हुकूम हे बहुतेक वेळा किनाऱ्यापासून दूरच्या मुलखातून येतात. म्हणून गोदीचा इतिहास लिहिताना फक्त तिथून निघालेल्या जहाजांची यादी करून भागत नाही, तर गोदीत काय काय आणि कुठून आले याचा माग काढावा लागतो, आणि तो माग पुष्कळदा घाट चढून आपल्या गावापर्यंत येतो. इतिहासाचे शिक्षक, पदव्युत्तर विद्यार्थी किंवा निवृत्तीनंतर गंभीरपणे काही लिहू इच्छिणारे वाचक यांना हे काम सातारा किंवा सांगलीत राहून कसे करता येईल, ते पुढे सांगितले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे एकच गोदी निवडावी. ‘भारतीय जहाजबांधणीचा इतिहास’ असा विषय घेतला की सिंधू संस्कृतीपासून सुरुवात होते आणि हाती फक्त इकडून तिकडून उचललेले परिच्छेद उरतात. आपल्याकडच्या अभ्यासकाला तीन गोद्या विशेष सोयीच्या आहेत. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटन खाडीच्या काठी असलेली मराठ्यांची आरमारी गोदी ही पहिली, मुंबईच्या कोटातील ईस्ट इंडिया कंपनीची गोदी ही दुसरी आणि वालचंद हिराचंद यांनी विशाखापट्टणम येथे उभारलेला कारखाना ही तिसरी. या तिन्हींचे धागे सातारा-सांगलीशी कोणत्या ना कोणत्या रीतीने जुळतात. निवड झाल्यावर एक प्रश्न लिहून काढावा आणि तो टेबलासमोर लावून ठेवावा. ‘या गोदीचे लाकूड कोण पुरवीत होते?’ किंवा ‘ही गोदी खासगी मालकीतून सरकारकडे का गेली?’ असा नेमका प्रश्न असला, म्हणजे वाचनाला दिशा मिळते.

सुरुवातीचे वाचन घराजवळच होऊ शकते. मराठी विश्वकोशाचे काम वाईत चालते, आणि त्यातील जहाज, जहाजबांधणी, गोदी, आरमार या विषयांच्या नोंदी इंटरनेटवरही वाचता येतात. पारिभाषिक शब्द शुद्ध स्वरूपात कळण्यासाठी याहून चांगली सुरुवात नाही. त्यानंतर ब्रिटिश काळातील जिल्हा गॅझेटियर पाहावीत. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा, कुलाब्याचा १८८३ चा आणि साताऱ्याचा १८८५ चा आहे. पहिल्या दोन खंडांत बंदरे, गलबते आणि व्यापार यांची माहिती आहे, तर साताऱ्याच्या खंडात जंगले, घाटरस्ते आणि कोकणात उतरणारा माल यांची. हे खंड एकत्र ठेवून वाचले, तर कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणकडे जाणारा मार्ग बंदरांच्या दृष्टीने किती महत्त्वाचा होता, ते नकाशा न पाहताही लक्षात येते. साताऱ्याचेच द. ब. पारसनीस यांनी मराठ्यांच्या आरमारावर लिहिलेले आहे आणि त्यांनी साताऱ्यात जमवलेला मोठा संग्रह आज पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. आपल्याच गावच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी हा विषय आपला मानला होता, हे विसरू नये.

स्थापनेचे वर्ष ठरवताना

कोणत्याही गोदीच्या इतिहासात पहिला गोंधळ स्थापनेच्या वर्षाचा होतो. मुंबईच्या माझगाव डॉकचे उदाहरण घ्या. माझगावला लहान सुकी गोदी (पाणी काढून कोरडी करता येणारी) १७७४ मध्ये झाली, कंपनी म्हणून नोंदणी १९३४ मध्ये झाली आणि भारत सरकारने ती १९६० मध्ये ताब्यात घेतली. तिन्ही वर्षे बरोबर आहेत, कारण तीन वेगवेगळ्या गोष्टींचा आरंभ त्यांत सांगितला आहे. पहिला जागेचा, दुसरा कायदेशीर संस्थेचा आणि तिसरा मालकीचा. विशाखापट्टणमच्या कारखान्याचेही तसेच आहे. डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी २१ जून १९४१ रोजी झाली, हिंदुस्तान शिपयार्ड ही कंपनी १९५२ मध्ये अस्तित्वात आली आणि ती पूर्णपणे सरकारी मालकीची १९६१ मध्ये झाली. आपल्या लेखनात या प्रत्येक वर्षापुढे त्या वर्षी नेमके काय सुरू झाले ते लिहावे. एकच वर्ष निवडून बाकीची चुकीची ठरवू नयेत.

जहाजांच्या तारखांनाही हाच नियम लागू पडतो. जहाजाला निदान तीन तारखा असतात. कणा बसवल्याची, जलावतरणाची आणि सेवेत दाखल झाल्याची. कोचीन शिपयार्डमध्ये बांधलेल्या विक्रांत या विमानवाहू नौकेचा कणा फेब्रुवारी २००९ मध्ये बसवला गेला, जलावतरण १२ ऑगस्ट २०१३ रोजी झाले आणि ती नौदलात २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली. ‘विक्रांत २०१३ मध्ये तयार झाली’ असे वाक्य लिहिले, तर नऊ वर्षांचे काम नाहीसे होते. जलावतरणाच्या दिवशी जहाज म्हणजे बव्हंशी एक तरंगणारे कवच असते. यंत्रे, तारा, नळ, शस्त्रे, राहण्याच्या खोल्या यांतले पुष्कळ काम त्यानंतर धक्क्याला बांधून केले जाते. गोदीची खरी कार्यक्षमता जलावतरण आणि सेवेत दाखल होणे या दोन तारखांमधील अंतरातच दिसते, म्हणून आपल्या तक्त्यात तिन्ही तारखांना स्वतंत्र रकाने ठेवावेत.

टन हा शब्द तर अधिकच फसवा आहे. युद्धनौकेचा टन बहुधा विस्थापनाचा, म्हणजे जहाजाच्या वजनाइतक्या पाण्याचा असतो. मालवाहू जहाजाचा टन कधी ते वाहून नेऊ शकणाऱ्या एकूण भाराचा असतो, तर कधी तो वजनाचा नसून बंदिस्त जागेच्या घनफळाचा असतो आणि त्या हिशोबात १०० घनफूट म्हणजे एक टन धरतात. विशाखापट्टणमचे पहिले जहाज ‘जलउषा’ सुमारे ८,००० टनांचे होते असे वाचनात येते. तो आकडा भारवाहक क्षमतेचा आहे, जहाजाच्या वजनाचा नव्हे. अठराव्या शतकातील इंग्रज निरीक्षकांनी मराठ्यांच्या गुराबा (मोठ्या लढाऊ नौका) १५० ते ३०० टनांच्या आणि गलबते क्वचितच ७० टनांच्या वर असल्याचे लिहिले आहे, परंतु तो जुन्या पद्धतीने मोजलेला टन होता. म्हणून कोणता टन ते कळल्याशिवाय दोन जहाजांची तुलना करू नये.

लाकडाचा माग

माझ्या मते गोदीच्या इतिहासातील सर्वांत समृद्ध आणि सर्वांत दुर्लक्षित भाग लाकडाचा आहे, आणि देशावरच्या अभ्यासकाने आपला अधिक वेळ इथेच द्यावा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण मुळातून वाचावे. इ. स. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या या राजनीतीच्या ग्रंथात आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे, पावसाळ्यात जहाजांची छावणी दरवर्षी एकाच बंदरात करू नये असे बजावले आहे, आणि लाकडाविषयीच्या सूचना तर विलक्षण बारकाईच्या आहेत. सागवानासारखे उपयोगी लाकूड परवानगीने तोडून आणावे, आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या कामाचे असले तरी त्या झाडांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, असा त्याचा आशय आहे. अगदी जीर्ण झालेले झाड हवेच असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असेही सांगितले आहे. ही सूचना आपण नेहमी दयाबुद्धीचे उदाहरण म्हणून उद्धृत करतो. जहाजबांधणीच्या इतिहासकाराने ती तुटवड्याचा पुरावा म्हणूनही वाचावी, कारण ज्या झाडांना हात लावू नका असे लिहून ठेवावे लागते, त्यांना हात लागत असला पाहिजे आणि आरमाराची लाकडाची भूक तेवढी मोठी असली पाहिजे.

मुंबईच्या गोदीचा उत्कर्षही लाकडातूनच समजतो. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी १७३६ मध्ये मुंबईत जहाजबांधणीचे काम सुरू केले आणि १७५० मध्ये तिथे सुकी गोदी झाली. परंतु ब्रिटनच्या शाही आरमाराने आपली मोठी जहाजे इतक्या दूर का बांधून घ्यावीत? नेपोलियनशी चाललेल्या प्रदीर्घ युद्धांमुळे इंग्लंडमध्ये ओक लाकडाची टंचाई झाली होती आणि मलबारचे सागवान मुंबईला सहज येत होते, हे त्याचे उत्तर आहे. ओकमध्ये असलेल्या आम्लामुळे लोखंडी खिळे लवकर गंजतात, तर सागवानातील तेलामुळे ते टिकतात. त्यामुळे सागवानी जहाजाचे आयुष्य मोठे असे. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ७४ तोफांचे ‘मिंडेन’ १८१० मध्ये मुंबईत पाण्यात उतरले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘त्रिंकोमाली’. हे दुसरे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. त्याच्या बांधणीला उशीर का झाला, याची हकिगत प्रत्येक अभ्यासकाने लक्षात ठेवावी अशी आहे. त्याचे आराखडे ज्या ‘जावा’ या जहाजातून पाठवले होते, ते १८१२ च्या अखेरीस अमेरिकन आरमाराशी झालेल्या लढाईत नष्ट झाले आणि आराखडे पुन्हा पाठवावे लागले. गोदीच्या कालपटात दोन-तीन वर्षांची पोकळी दिसली, की गोदी सुस्त होती असा निष्कर्ष घाईने काढू नये.

लाकडाचा माग काढताना वनखात्याचे जुने अहवाल, घाटावरील जकातीच्या नोंदी आणि कोकणातील बंदरांच्या आयात-निर्यातीचे तक्ते यांची सांगड घालावी. पाटण किंवा जावळी भागातील जुन्या सुतार आणि लाकूड-व्यापारी कुटुंबांकडे चोपड्या असतील, तर त्यांची छायाचित्रे घ्यावीत. मूळ चोपडी मात्र त्यांच्याच घरी राहू द्यावी.

मोडी कागद आणि सुहूर सन

साताऱ्याचा आरमाराशी असलेला संबंध मुख्यतः राजदरबाराचा आहे. शाहू महाराजांच्या वतीने बाळाजी विश्वनाथ यांनी १७१३-१४ मध्ये कान्होजी आंग्रे यांच्याशी समेट केला, आंग्रे यांचे सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखाचे पद, कायम राहिले आणि कोकणातील आरमारी सत्ता साताऱ्याच्या गादीशी जोडली गेली. त्यामुळे आंग्रे यांच्या गोद्यांविषयीचे कागद अलिबाग-विजयदुर्गाइतकेच शाहू आणि पेशवे दफ्तरांत शोधावे लागतात. ही दफ्तरे पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ छापील खंड आधी पाहावेत. त्यामुळे मूळ रुमालांपर्यंत, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांपर्यंत, जाण्याआधी विषयाची ओळख होते. मुंबईच्या गोदीसाठी एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागार आहे, आणि तिथे कंपनी सरकारच्या रोजनिश्या पाहाव्या लागतात.

मोडी शिकण्याला पर्याय नाही. कालगणनाही आलीच पाहिजे. मराठी कागदांत सुहूर सन अरबी अंकशब्दांत लिहिलेला असतो, आणि सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा त्याचे वर्ष बदलते. जून ते डिसेंबर या काळासाठी सुहूर सनात ५९९ आणि जानेवारी ते मृगापर्यंत ६०० मिळवले, की इसवी सन मिळतो. पेशव्यांचे विजयदुर्गचे आरमारप्रमुख आनंदराव धुळप यांच्या आरमाराने इंग्रजांच्या ‘रेंजर’ जहाजाशी दिलेली लढाई ८ एप्रिल १७८३ ची आहे. या लढाईचा कागद शोधायचा असेल, तर ‘सलास समानीन मया व अलफ’ हा सन पाहावा लागेल. सलास म्हणजे ३, समानीन ८०, मया १०० आणि अलफ १०००, म्हणजे ११८३. महिना एप्रिलचा असल्याने ६०० मिळवून १७८३. त्याच सनाचा कागद श्रावणातला असेल, तर तो १७८२ चा ठरतो. कुठल्या हंगामात जहाजे ओढून घेतली आणि कुठल्या हंगामात ती पाण्यात सोडली हे ठरवताना एवढ्या एका वर्षाच्या चुकीने सगळी मांडणी कोसळते.

गोदी प्रत्यक्ष पाहणे

कागद वाचून झाल्यावरच गिर्येला जावे. सांगलीहून कोल्हापूर, गगनबावडा आणि वैभववाडी या वाटेने विजयदुर्ग गाठता येतो. दिवस निवडताना अमावस्या किंवा पौर्णिमा पाहावी, कारण त्या सुमारास भरती-ओहोटीतला फरक सर्वांत मोठा असतो आणि खडकात खोदलेल्या या गोदीचे तोंड, तिचा तळ आणि खाडीकडे जाणारा उतार एकाच दिवसात भरलेला आणि उघडा असा दोन्ही अवस्थांत पाहता येतो. सुक्या गोदीचे सगळे तंत्र या फरकावर उभे असते. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचे, तोंड बंद करायचे, ओहोटीला पाणी काढून टाकायचे, आणि मग कोरड्या तळावर जहाजाचा पृष्ठभाग खरवडून, फळ्या बदलून ते पुन्हा पुढच्या भरतीला बाहेर काढायचे. मुंबईला ही सोय निसर्गानेच दिली होती. म्हणून गिर्येत उभे राहिल्यावर पहिला प्रश्न स्वतःला असा विचारावा की, भरतीला तोंडाशी किती पाणी येते आणि तेवढ्या पाण्यात कोणत्या आकाराचे जहाज आत येऊ शकले असते. टेपने मापे घ्यावीत, साधा आराखडा काढावा, खाडीतल्या वयस्क होडीवाल्यांना गाळ किती साठला आहे ते विचारावे. आजची खोली तीनशे वर्षांपूर्वीची मानू नये.

फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत तुळाजी आंग्रे यांचे आरमार विजयदुर्गाच्या बंदरात जळाले. या घटनेविषयी लिहिताना आपल्याकडे दोषारोपाला बहर येतो. गोदीच्या इतिहासकाराने त्यापेक्षा असे विचारावे की, जहाजे जळाल्यावर ती बांधणारे सुतार, लोहार आणि शिडे शिवणारे कुठे गेले. कारागीर गेले की गोदी रिकामी होते, हे शिवकाळातच दिसून आले होते. कल्याण-भिवंडीला महाराजांच्या कामावर असलेल्या पोर्तुगीज कारागिरांना पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी फूस लावून परत नेले होते. विजयदुर्गाला मात्र पुढे धुळपांच्या काळात आरमार पुन्हा उभे राहिले, म्हणजे काम येणारे हात पूर्णपणे नाहीसे झालेले नव्हते.

मुंबईची जुनी गोदी आज नौदलाच्या हद्दीत आहे. तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही आणि छायाचित्रे घेण्याचा विचारही करू नये. तिच्यासाठी जुने नकाशे, चित्रे आणि इंग्लंडमधील ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात असलेले जहाजांचे आराखडे यांवर विसंबावे.

भांडवलाचा माग

विसाव्या शतकातील गोदीला लाकडाऐवजी पोलाद लागते, आणि त्याहून आधी भांडवल. सांगलीच्या वाचकाला वालचंद हे नाव महाविद्यालयामुळे माहीत आहे. १९४७ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे त्यांचे नाव मिळाले. सातारा रोडचा कूपर कारखानाही पुढे वालचंद समूहाकडे गेला. सोलापूरला १८८२ मध्ये जन्मलेला, रेल्वेची कंत्राटे घेणारा हा देशावरचा माणूस जहाजांकडे वळला कसा, हा प्रश्न घेऊन एक उत्तम प्रबंध होऊ शकतो. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी पहिल्या महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकत घेतले, सिंदिया कंपनी स्थापन केली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ते जहाज मुंबईहून लंडनला निघाले. हाच दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो.

जहाजे चालवणाऱ्या कंपनीने जहाजे बांधायला घ्यावीत, हा पुढचा टप्पा विशाखापट्टणमला झाला. पायाभरणीनंतर वर्षही झाले नव्हते, तोच ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले आणि काम विस्कळीत झाले. ‘जलउषा’चे जलावतरण पंडित नेहरूंच्या हस्ते १४ मार्च १९४८ रोजी झाले. या सोहळ्याची वर्णने पुष्कळ मिळतात, पण त्यावरच थांबू नये. चारच वर्षांनी कारखान्याचा दोन तृतीयांश वाटा सरकारकडे का गेला, हे समजण्यासाठी कंपनीचे वार्षिक अहवाल आणि संसदेतील चर्चा वाचाव्या लागतात. भारतात बांधलेले जहाज ब्रिटिश कारखान्यातील जहाजापेक्षा महाग पडे, खरेदीदाराकडून ब्रिटिश किमतीइतकीच रक्कम घेतली जाई आणि फरक सरकार सोसत असे. अशा गणितात खासगी मालक किती काळ टिकू शकतो, याचा हिशोब मांडून दाखवणे हे इतिहासकाराचेच काम आहे, आणि वाणिज्य शाखेच्या एखाद्या प्राध्यापकांची मदत त्यासाठी जरूर घ्यावी.

माणसांच्या मुलाखती

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबांतली माणसे मुंबईत कामाला गेली, आणि त्यांत गोदीत फिटर, वेल्डर, सुतार किंवा रंगारी म्हणून आयुष्य काढलेलेही आहेत. अशा निवृत्त कामगारांना भेटताना ‘तुमचा अनुभव सांगा’ असे मोघम विचारू नये. पहिल्या दिवशी हातात कोणते हत्यार दिले, काम कोणी शिकवले, दुखापत झाली तर काय व्यवस्था होती, पावसाळ्यात काम कसे बदलत असे, पगारातून गावाकडे किती जात असे, असे ठोस प्रश्न विचारावेत. युद्धनौकांच्या यंत्रणांविषयी विचारू नये आणि कोणी ओघात काही सांगितलेच, तर ते लिहू नये. मुलाखत ध्वनिमुद्रित करण्याआधी लेखी संमती घ्यावी, आणि उतरवून काढलेला मजकूर त्यांना किंवा त्यांच्या मुलांना वाचून दाखवावा. वयोवृद्ध माणसाच्या आठवणीतली तारीख चुकते, कामाची पद्धत सहसा चुकत नाही. म्हणून तारखांसाठी कागद आणि कामासाठी आठवण, अशी वाटणी करावी.

अभिमानाच्या गोष्टी तपासून घेणे

गोदीच्या इतिहासात अभिमानाच्या कथा फार असतात आणि त्या तपासणे हे अप्रिय पण आवश्यक काम आहे. अमेरिकेचे राष्ट्रगीत मुंबईत बांधलेल्या ‘मिंडेन’ जहाजावर लिहिले गेले, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते गीत ज्या रात्रीवर रचले गेले, त्या १८१४ मधील रात्री त्याचे कवी फ्रान्सिस स्कॉट की हे युद्धविरामाचे निशाण लावलेल्या अमेरिकन जहाजावर होते, ‘मिंडेन’वर नव्हे. याउलट पहिल्या अफूच्या युद्धानंतरचा १८४२ चा नानकिंगचा तह मुंबईतच बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर झाला, हे पक्के आहे. वाडिया घराण्याच्या कौशल्याला पहिल्या कथेची गरज नाही. जहाज त्या दिवशी त्या ठिकाणी होते का, एवढे एकच विचारले तरी अशा पुष्कळ कथांचा निकाल लागतो.

लेखनाला बसताना कालक्रमाने सुरुवात करण्याचा मोह टाळावा. आधी लाकूड किंवा भांडवल, मग कारागीर, मग गोदीची जागा आणि शेवटी जहाजे, असा क्रम ठेवला तर सातारा-सांगलीचा भाग ओढूनताणून आणावा लागत नाही. प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या कागदातून घेतला ते त्याच दिवशी नोंदवावे. काम पूर्ण झाल्यावर लेखाची एक प्रत, गोदीचे आराखडे आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण आपल्या गावच्या नगरवाचनालयात आणि ज्यांनी चोपड्या दाखवल्या त्या घरी द्यावे, आणि ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक फाइलवर बोलणाऱ्याची संमती कोणत्या अटींवर आहे, ते स्पष्ट लिहावे.